दीड मिलिग्रॅम धूळ : हवा मोजणाऱ्यांच्या कामाबद्दल

पीएम २.५, म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, मोजणारा सॅम्पलर मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढतो. म्हणजे तासाला एक घनमीटर आणि दिवसाला २४ घनमीटर. आपल्याकडच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा आहे ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. हवा नेमकी या मर्यादेवर असेल, तर दिवसरात्र पंप चालवल्यावर फिल्टरवर १,४४० मायक्रोग्रॅम म्हणजे जेमतेम दीड मिलिग्रॅम धूळ जमते. फिल्टरचं स्वतःचं वजन दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पावसाळ्यात हवा धुतली गेली आणि पातळी १५ वर आली, की हीच धूळ ०.३६ मिलिग्रॅमवर येते. शहराची हवा मानकात बसते की नाही, याचं उत्तर फिल्टरच्या वजनाच्या शंभराव्या किंवा चारशेव्या हिश्शात दडलेलं असतं.

वायुप्रदूषण आणि हवामानबदल या विषयात करिअर करू म्हणणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांसमोर उपग्रह, सुपरकॉम्प्युटर आणि जगाचे रंगीत नकाशे असतात. हे सगळं या कामात आहेच. पण त्या प्रत्येकाची खातरजमा शेवटी जमिनीवरच्या मोजमापाशी ताडून होते, आणि ते मोजमाप किती सहज बिघडतं हे माहीत नसलेला माणूस मॉडेलच्या आकड्यावर एकतर आंधळा विश्वास ठेवतो किंवा आंधळा अविश्वास. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने पहिले सहा महिने फिल्टर, पंप आणि तराजू यांच्यासोबत घालवावेत, पुढे आयुष्यभर कोडच लिहायचा असला तरी.

वजनाच्या खोलीपासून सुरुवात करू. फिल्टर टेफ्लॉनचा, ४७ मिलिमीटर व्यासाचा, कडेला प्लॅस्टिकची कडी. त्याला चिमट्याने फक्त कडीवर धरायचं, बोट कुठेही लागू द्यायचं नाही. वजन करण्याआधी तो किमान २४ तास स्थिर हवेच्या खोलीत ठेवतात. तापमान २० ते २३ अंशांच्या दरम्यान एक ठरवलेलं आणि २४ तासांत दोन अंशांपेक्षा जास्त न हलणारं, आर्द्रता ३० ते ४० टक्क्यांच्या दरम्यान आणि पाच टक्क्यांच्या आत स्थिर. टेफ्लॉन स्वतः पाणी धरत नाही, पण त्यावर बसलेले सल्फेट आणि नायट्रेटचे कण धरतात. कोरा फिल्टर मे महिन्यात तोलला आणि धूळ बसलेला जुलैत, आणि दोन्ही वेळा खोलीची आर्द्रता वेगळी असली, तर धूळ म्हणून चक्क पाणी मोजलं जातं. इथे एक नेहमीची गफलत होते. एसीने तापमान जमतं, आर्द्रता जमत नाही. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये खोलीत वेगळा डीह्युमिडिफायर हवाच. आणि रात्री दोन तास वीज गेली, तर आर्द्रतेचा आलेख सरळ झाल्यावर २४ तासांची मोजणी नव्याने सुरू करायची. घाई असली तरी.

तराजू एक मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणारा, जड दगडी ओट्यावर, दार आणि एसीचा झोत यांपासून लांब. टेफ्लॉनचा सगळ्यात मोठा त्रास म्हणजे स्थिर विद्युतभार. फिल्टर तराजूच्या पेटीच्या भिंतींकडे ओढला जातो, आकडा हळूहळू सरकत राहतो आणि थांबतच नाही. त्यासाठी आयोनायझर किंवा पोलोनियम-२१० ची पट्टी वापरतात. पोलोनियमचं अर्धायुष्य १३८ दिवसांचं आहे, त्यामुळे पट्टी साधारण वर्षभरात बदलावी लागते. पट्टी जुनी झाल्याचं कोणी सांगायला येत नाही. आकडे स्थिर व्हायला वेळ लागू लागला, की आधी पट्टीवरची तारीख बघायची. दर दहा फिल्टरनंतर प्रमाणित वजन ठेवून तराजू तपासायचा, आणि काही फिल्टर दुसऱ्यांदा तोलायचे.

शिवाय कोरे फिल्टर लागतात, दोन प्रकारचे. एक प्रयोगशाळेतच राहतो. दुसरा सॅम्पलरपर्यंत जातो, आत बसवला जातो आणि पंप न चालवता परत येतो. पहिल्याचं वजन १५ मायक्रोग्रॅमच्या आत आणि दुसऱ्याचं ३० मायक्रोग्रॅमच्या आत बदललं तर चालतं. ३० मायक्रोग्रॅम म्हणजे २४ घनमीटरला सव्वा मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. दिल्लीच्या नोव्हेंबरमध्ये ही चूक दिसणारही नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये वार्षिक सरासरीसाठी सुचवलेली पातळी ५ मायक्रोग्रॅम आहे, तिथे हाच फरक पाव हिस्सा होतो. कोऱ्या फिल्टरवर पैसे आणि वेळ का घालवायचे, असं विचारणारे भेटतात. अहवालातली त्रुटीची पट्टी, म्हणजे आकडा किती वर-खाली असू शकतो ती मर्यादा, त्या कोऱ्या फिल्टरांतूनच येते.

प्रवाहाकडे तर जास्तच लक्ष लागतं. हवा आधी पीएम १० च्या, म्हणजे १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण अडवणाऱ्या, टोपीतून येते, मग सायक्लोन नावाच्या भागात गोल फिरते. जड कण भिंतीला आपटून खाली पडतात, २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण हवेबरोबर फिल्टरकडे जातात. ही चाळणी जाळीची नाही, वेगाची आहे. पंप दमला किंवा नळीच्या रबरी रिंगला चीर गेली आणि प्रवाह कमी झाला, तर सायक्लोनमधला वेग घटतो आणि मोठे कणही पुढे निसटतात. त्याच वेळी यंत्र जास्त हवा ओढल्याचं धरून भागाकार करत असेल, तर आकडा खाली येतो. दोन चुका उलट दिशेने ओढतात, पण एकमेकींना रद्द करतीलच याची काही खात्री नाही. म्हणून प्रवाह वेगळ्या प्रमाणित फ्लोमीटरने तपासायचा, ४ ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर काम थांबवायचं, आणि लीक तपासल्याशिवाय प्रवाहाचं कॅलिब्रेशन बदलायचं नाही. लीक असताना कॅलिब्रेशन केलं, की चूक यंत्राच्या आतच पक्की होते. पुण्यात आणखी एक बाब येते. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणजे समुद्रकाठापेक्षा सुमारे सहा टक्के कमी. यंत्र प्रत्यक्ष घनमीटर मोजतंय की समुद्रसपाटीच्या दाबावर आणलेले घनमीटर, हे नोंदवहीत लिहिलेलं नसेल तर सहा टक्क्यांचा गोंधळ कायमचा मागे लागतो. बांधकामाच्या परिसरात सायक्लोन आठवड्याला उघडून पुसावा लागतो, नाहीतर जमलेली धूळ सुटून थेट फिल्टरवर जाते.

आता कुठला फिल्टर कशासाठी. वजन आणि धातू यांच्यासाठी टेफ्लॉन. कार्बनसाठी क्वार्ट्झ, कारण कार्बन मोजताना फिल्टर शेकडो अंशांपर्यंत तापवतात आणि टेफ्लॉन तिथे टिकत नाही. क्वार्ट्झ आधी भट्टीत भाजून घ्यावा लागतो, कारण तो हवेतली सेंद्रिय वाफ शोषतो आणि नसलेला कार्बन दाखवतो. टेफ्लॉनचं दुखणं उलटं आहे. त्यावर बसलेलं अमोनियम नायट्रेट उन्हात वाफ होऊन उडून जातं. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या पेटीतला सॅम्पलर दुपारी किती तापतो याची कल्पना करा. २४ तास संपले की फिल्टर लगेच काढून थंड डब्यात, चार अंशांच्या आसपास, प्रयोगशाळेत आणायचा. सोमवारी काढू म्हणून शनिवार-रविवार तसाच ठेवला, तर नायट्रेट गेलं म्हणून समजा.

रोज कोणी फिल्टर बदलू शकत नाही, म्हणून स्वयंचलित केंद्रांवर बीटा किरणांचं यंत्र असतं. काचतंतूच्या फितीवर तासभर धूळ जमवायची, आधी आणि नंतर कार्बन-१४ मधून निघणारे बीटा कण फितीतून किती पार होतात ते मोजायचं, फरकावरून वस्तुमान काढायचं. हवा आत येताना हीटरने थोडी तापवून आर्द्रता खाली ठेवतात. हीटर बंद पडला, की पावसाळ्यात आकडे फुगतात. हीटर गरजेपेक्षा जास्त चालला, की हिवाळ्यात नायट्रेट उडतं आणि आकडे घसरतात. फीत तुटते, रोलर घाण होतात, फितीवरचा धुळीचा डाग गोल न राहता कडेने पसरतो. हा पसरलेला डाग लीकचा पहिला पुरावा असतो, आणि तो बघायला यंत्राचं दार उघडावं लागतं. कार्यालयात बसून सर्व्हरवर तो दिसत नाही. स्वच्छ हवेत या यंत्राचे तासाचे आकडे कधीकधी ऋण येतात. ते पुसून टाकण्याचा किंवा शून्य करण्याचा मोह होतो, आणि तो टाळायला हवा. मोजणीतली अनिश्चितता शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते. खालची बाजू कापली, की सरासरी आपोआप वर सरकते.

स्वस्त सेन्सरबद्दल हल्ली सगळेच विचारतात, आणि माझं मत त्यांच्या बाजूचं आहे, फक्त अटी माहीत हव्यात. आत एक लहान लेसर असतो. कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजून त्यावरून वस्तुमानाचा अंदाज लावला जातो. म्हणजे तो वजन करत नाही, चमक बघतो. आर्द्रता वाढली की कण पाणी पिऊन फुगतात. समुद्री मीठ साधारण ७५ टक्के आर्द्रतेला विरघळून थेंब होतं, अमोनियम सल्फेट ८० टक्क्यांच्या आसपास. ९० टक्क्यांना मिठाच्या कणाचा व्यास कोरड्या कणाच्या दुपटीहून मोठा असतो. म्हणून रत्नागिरीत किंवा पणजीत पहाटे सेन्सर भरमसाट आकडा दाखवतो आणि ऊन वर आलं की तो उतरतो. धूर वाढलेला नसतो, थेंब फुगलेले असतात. उलट रस्त्याच्या आणि खाणीच्या जाड धुळीला हाच सेन्सर जवळजवळ आंधळा असतो, त्यामुळे त्याच्या पीएम १० च्या आकड्यावर विसंबू नये. वापरायचाच तर प्रमाणित यंत्राशेजारी किमान काही आठवडे ठेवा, शक्य तर उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत. आर्द्रता धरून दुरुस्तीचं समीकरण काढा आणि ते त्याच परिसरापुरतं वापरा. नाशिकचं समीकरण अलिबागला चालत नाही.

यंत्र कुठे ठेवायचं हेही महत्त्वाचं, पण ते थोडक्यात सांगता येतं. हवा ओढणारं तोंड जमिनीपासून साधारण ३ ते १० मीटर, झाडांपासून २० मीटर लांब, आणि भोवतालच्या ३६० पैकी किमान २७० अंशांतून वारा मोकळा. गच्चीवर जनरेटरचा धुरांडा किंवा खालच्या कँटीनचा पंखा असेल, तर ते केंद्र शहराची हवा मोजत नाही.

वायूंच्या यंत्रांपैकी एकाचीच गोष्ट इथे घेतो, कारण ती अभ्यासक्रमात सहसा सुटते. नायट्रोजन डायऑक्साइड मोजणारं नेहमीचं यंत्र त्याला थेट मोजत नाही. सुमारे ३२५ अंशांवर तापवलेल्या मॉलिब्डेनम या धातूवरून हवा नेऊन त्याचा नायट्रिक ऑक्साइड करतं, आणि ओझोनशी त्याची अभिक्रिया होताना निघणारा प्रकाश मोजतं. अडचण अशी की मॉलिब्डेनम नायट्रिक आम्लाला आणि इतर नायट्रोजन संयुगांनाही तसंच बदलतो. वाहत्या रस्त्यावर फरक छोटा राहतो. शहराबाहेर, वाऱ्याबरोबर दिवसभर उन्हात शिजून आलेल्या हवेत आकडा बराच जास्त येतो. उपग्रहाशी तुलना करून ‘उपग्रह कमी दाखवतो’ असा निष्कर्ष काढण्याआधी जमिनीवरच्या यंत्रात हा बदल घडवणारा कुठला कन्व्हर्टर आहे ते विचारावं.

आकडा बरोबर आला, की पुढचा प्रश्न हवामानाचा. धूर तेवढाच निघत असताना हिवाळ्यात हवा का बिघडते? जमिनीलगतची हवा किती उंचीपर्यंत ढवळली जाते यावर ते अवलंबून आहे. एप्रिलच्या दुपारी दख्खनवर हा थर दोन-तीन किलोमीटर उंच जातो. डिसेंबरच्या पहाटे जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवा गार आणि वरची उबदार राहते, आणि ढवळणारा थर एक-दोनशे मीटरवर येतो. टेकड्यांच्या कुशीतल्या पुण्यात तर गार हवा उतारांवरून खाली सरकत वस्तीत साठते. तेवढाच धूर दहापट कमी जागेत राहतो. मुंबईत दिवसाचा खारा वारा धूर आत ढकलतो आणि रात्रीचा मतलई वारा तो परत समुद्राकडे आणतो. वारा बदलायला उशीर झाला किंवा दोन्ही क्षीण पडले, की शहर आपल्याच धुरात बसून राहतं. त्यामुळे या वर्षीचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा कमी आला म्हणून धूर कमी झाला, असं लगेच म्हणता येत नाही. वाऱ्याचा वेग, थराची उंची, पाऊस यांचा वाटा आधी वजा करावा लागतो. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला, तेव्हा २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत कणप्रदूषण २० ते ३० टक्क्यांनी उतरवायचं लक्ष्य होतं. एका चांगल्या पावसाच्या किंवा वाऱ्याच्या वर्षाने यातला मोठा भाग आपोआप मिळू शकतो, आणि एका वाईट वर्षाने प्रामाणिक काम झाकलं जाऊ शकतं. हा हिशोब नीट मांडणं हे वातावरणशास्त्रज्ञाचं लोकांप्रती कर्तव्य आहे असं मला वाटतं.

निर्देशांकाबद्दलही लोकांना सांगावं लागतं. आपला एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, २०१५ मध्ये लागू झाला. किमान तीन प्रदूषकांचे आकडे हवेत, त्यांतला एक पीएम २.५ किंवा पीएम १० असलाच पाहिजे, आणि किमान १६ तासांचा डेटा हवा. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढून जो सर्वांत वाईट तोच त्या केंद्राचा एक्यूआय. कणांसाठी २४ तासांची सरासरी धरतात, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहा वाजता हवा कितीही बिघडली तरी निर्देशांक दुसऱ्या दिवशी चढतो. शिवाय अनेक ॲप अमेरिकेची मोजपट्टी वापरतात. पीएम २.५ ची पातळी ६० असताना आपला निर्देशांक १०० येतो, अमेरिकेचा दीडशेच्या थोडा वर. हवा तीच, पट्टी वेगळी. दोन ॲपवरून भांडण्याऐवजी मायक्रोग्रॅममधला आकडा मागावा.

धूर कुणाचा, हा सगळ्यात तापलेला प्रश्न. त्याचं उत्तर फिल्टरच्या रसायनातून काढतात. ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन म्हणजे माती. लाकूड, गोवऱ्या, पाचट जळलं की त्यातल्या सेल्युलोजपासून लेव्होग्लुकोसन तयार होतं, ते सहसा दुसरीकडून येत नाही. व्हॅनेडियम आणि निकेल जहाजांच्या जड तेलाकडे बोट दाखवतात, सेलेनियम आणि आर्सेनिक कोळशाकडे, क्लोराइड आणि अँटिमनी कचरा जाळण्याकडे, पण क्लोराइड किनाऱ्यावर समुद्राचंही असतं. शंभर किंवा अधिक फिल्टरांचे असे तक्ते घेऊन पीएमएफ नावाची गणिती पद्धत त्यातून काही घटक वेगळे काढते. संगणक फक्त ‘घटक ३’ म्हणतो, त्याला ‘वाहनं’ हे नाव माणूस देतो. घटक पाच धरायचे की सात, हेही माणूस ठरवतो. नमुने फक्त हिवाळ्याचे असले तर उत्तरही हिवाळ्याचंच. आणि सल्फेट, नायट्रेट यांचा मोठा भाग हवेतच, वायूंपासून, शेकडो किलोमीटरच्या प्रवासात तयार होतो. तो ‘दुय्यम’ नावाच्या रकान्यात जातो आणि त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. अहवालात वाहनांचा वाटा अमुक टक्के असं वाचलं, तर शेजारी अनिश्चितता दिली आहे का ते बघा. नसेल तर तो आकडा वापरण्यासारखा नाही.

हवामानबदलाचं काम इथून वेगळं होत नाही, तेच कण पुढे नेतात. डिझेल आणि चुलींच्या धुरातला काळा कार्बन ऊन शोषतो आणि हवा तापवतो. कोळशातल्या गंधकापासून बनलेलं सल्फेट ऊन परतवतं आणि पृथ्वी थंड ठेवतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालानुसार १७५० ते २०१९ या काळात कार्बन डायऑक्साइडने प्रति चौरस मीटर २.१६ वॅटची तापवणारी भर घातली. सगळ्या कणांचा मिळून परिणाम थंड करणारा, उणे १.१ वॅट, पण त्याची शक्यतेची कक्षा उणे १.७ ते उणे ०.४ एवढी रुंद आहे. हवामानाच्या हिशोबातली सर्वांत मोठी अनिश्चितता याच धुळीत आहे. कण हवेत साधारण आठवडाभर टिकतात, कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा शतकानुशतकं. त्यामुळे सल्फेट स्वच्छ केलं की आरोग्याला लगेच फायदा होतो आणि आतापर्यंत झाकलेली उष्णता उघडी पडते. म्हणून धूर राहू द्यावा, असं या विषयातला कोणीही जबाबदार माणूस म्हणणार नाही. काळा कार्बन आणि मिथेन यांच्यावर आधी हात घालावा, त्यात दोन्हीकडे लाभ आहे.

काळा कार्बन एथॅलोमीटरने मोजतात. फितीवर कण जमवत सात तरंगलांबींचा प्रकाश किती अडतो ते बघायचं. ८८० नॅनोमीटरवरून काळ्या कार्बनचं प्रमाण मिळतं, आणि अतिनील बाजूला जास्त शोषण दिसलं तर जैवइंधनाचा धूर. फीत काळी होत गेली की यंत्र कमी वाचू लागतं. नव्या यंत्रांत दोन ठिपके वेगवेगळ्या वेगाने भरतात आणि त्यांच्या फरकावरून ही चूक दुरुस्त होते. जुन्या यंत्राचा डेटा हाती आला, तर फीत पुढे सरकण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून बघा. प्रत्येक वेळी उडी दिसत असेल तर दुरुस्ती झालेली नाही. महाबळेश्वरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा २०१२ पासून आहे. पावसाळ्यात तिथे ढग थेट इमारतीवर येतो, म्हणून कणांचे थेंब कसे होतात हे विमानाशिवाय मोजता येतं.

कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापाची शिस्त याहून कडक. गोव्यात काबो द रामाच्या कड्यावर १९९३ पासून काही वर्षं काचेच्या फ्लास्कमध्ये हवा भरून ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ प्रयोगशाळेत तपासली गेली. सिंहगडावर पुण्याच्या याच हवामानविज्ञान संस्थेने पुढे तसंच काम उभं केलं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात काबो द रामाला दक्षिण गोलार्धाकडून आलेली समुद्री हवा मिळते आणि हिवाळ्यात भूभागावरची. एकाच ठिकाणी दोन जगांची हवा. इथे जागतिक हवामान संघटनेचं अचूकतेचं ध्येय उत्तर गोलार्धात ०.१ पीपीएमचं (एक पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) आहे, सुमारे ४२० पीपीएममध्ये. आपल्या उच्छ्वासात चाळीस हजारांच्या आसपास पीपीएम असतं. म्हणून फ्लास्क भरणाऱ्याने वाऱ्याच्या खालच्या बाजूला उभं राहायचं आणि झडप उघडताना श्वास धरायचा. हवा आधी कोरडी करायची, कारण कोकणच्या पावसाळी हवेत तीन टक्के वाफ असते, आणि ती न काढता मोजलं तर ४२० मधले १२-१३ पीपीएम गायब होतात. ही जगभराची चार-पाच वर्षांची वाढ झाली. फ्लास्क जोडीने भरतात. दोघांत फरक आला तर दोन्ही बाद.

उपग्रहाबद्दल एकच सांगतो. टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरचा मोडिस हा संवेदक जमिनीपासून वातावरणाच्या टोकापर्यंतच्या सगळ्या कणांनी मिळून अडवलेला प्रकाश मोजतो. मे महिन्यात अरबी वाळवंटातली धूळ तीन किलोमीटरवरून जात असेल, तर नकाशा लाल होतो आणि खालची हवा ठीक असते. ढगाखालचं दिसत नाही, म्हणून जुलैची सरासरी ही फक्त उघडीप असलेल्या दिवसांची सरासरी. आणि अशा ध्रुवीय उपग्रहांची फेरी ठरावीक वेळीच होते, त्यामुळे सायंकाळी लावलेल्या आगी मोजणीतून सुटतात.

पुण्याला यंत्र तपासून घेण्याची जुनी परंपरा आहे, ती या क्षेत्रात येणाऱ्यांना माहीत असावी. अण्णा मणी १९४८ मध्ये इथल्या हवामान खात्यात आल्या, शंभराच्या आसपास हवामान उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सौर किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभं केलं आणि पुढे फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारा ओझोनसाँड भारतात बनवून घेतला. आयात यंत्रावर विसंबून न राहता आपलं यंत्र आपण कॅलिब्रेट करायचं, हा त्यांचा आग्रह आजही तितकाच गरजेचा आहे.

करिअरचा रस्ता असा. बीएस्सी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा गणित, नाहीतर अभियांत्रिकी. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वातावरण व अवकाशशास्त्र विभाग आहे, कोचीन आणि आंध्र विद्यापीठांत हवामानशास्त्र आहे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि दिल्लीच्या आयआयटीत वातावरणविज्ञानाची केंद्रं आहेत. पीएचडीसाठी नेट किंवा गेट परीक्षा. गेटच्या अभियांत्रिकी विज्ञान या पेपरमध्ये वातावरण व महासागर विज्ञान हा वेगळा भाग घेता येतो. जेआरएफची, म्हणजे कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्तीची, रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (वरिष्ठ संशोधक) झाल्यावर ४२,०००, घरभाडं वेगळं. ती कधीकधी महिनोन् महिने उशिरा येते, त्यामुळे हाताशी थोडी शिल्लक असू द्या. रसायनवाल्याने गतिकी आणि आकडेमोड शिकावी, भौतिकवाल्याने विश्लेषणात्मक रसायन. पायथन आणि लिनक्स सगळ्यांनाच.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी पैसे न लागणारं एक काम सुचवतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावरून तुमच्या शहरातल्या एका केंद्राचा तीन वर्षांचा डेटा, १५ मिनिटांच्या टप्प्याने घ्या. आधी साफसफाई. पीएम २.५ पीएम १० पेक्षा जास्त असलेले तास वेगळे काढा, कित्येक तास एकच आकडा असेल तर तो अडकलेला समजा, ९८५ सारखा आकडा पुन्हा पुन्हा आला तर ती बीटा यंत्राने बिघाड दाखवण्यासाठी दिलेली खूण असू शकते. ऋण आकडे ठेवा. मग युरोपीय हवामान केंद्राच्या ईआरए-५ या हवामानाच्या माहितीसंचातून वारा आणि ढवळणाऱ्या थराची उंची घ्या, ती तासागणिक आणि मोफत मिळते. इथे बहुतेकांचं काम चुकतं. ईआरए-५ ची वेळ जागतिक असते, मंडळाची भारतीय, आणि फरक साडेपाच तासांचा. तासाची सरासरी घेऊन पाच किंवा सहा तास सरकवले, तर सगळं अर्ध्या तासाने चुकतं, आणि सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान, जेव्हा थर वेगाने वर चढतो, तेव्हा अर्धा तास फार असतो. म्हणून १५ मिनिटांचे आकडे घेऊन तासाची सरासरी जागतिक वेळेनुसार, म्हणजे भारतीय घड्याळात साडेपाच ते साडेसहा अशी, स्वतः काढा आणि मगच दोन्ही तक्ते जोडा.